‘उतरेल’ म्हणून घरी पाठवलेल्यांविषयी : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,



एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी समाजसेविका होते. डॉक्टर पेशंट तपासायचे, मी नातेवाईक. बाकावर त्यांच्या शेजारी बसून हिस्ट्री घ्यायची आणि केसपेपरवर उतरवायची, हे माझं काम. झोप कधीपासून उडाली, जेवतो का, अंगावर धावून जातो का, घरात आधी कुणाला असं झालं होतं का, दारू, गांजा, गोळ्या. आमच्या त्या कागदावर ‘कारण’ असा एक रकाना होता. हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे. आणि एका शब्दाबद्दल, जो मी नोकरीभर ऐकला आणि पुष्कळदा स्वतःही बोलले : ‘उतरेल’.

एक आई आली होती. मुलगा एकवीस वर्षांचा, आयटीआय झालेला. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. खोलीच्या खिडकीला आतून फरसाणाच्या पाकिटांचा चंदेरी कागद चिकटवलेला. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरलेला, कारण त्यातून गल्लीतली माणसं त्याचे विचार ऐकतात. ताटातलं जेवण बंद. फक्त केळी आणि मोसंबी, म्हणजे सालीच्या आत कुणी काही कालवलेलं नसेल याची खात्री. थोरला भाऊ म्हणाला, गॅरेजवरच्या पोरांबरोबर गांजा ओढतो, दोन वर्षं झाली, हल्ली रोज. मी रकान्यात लिहिलं, ‘गांजा’. उपचार सुरू झाले आणि सहाव्या दिवशी पोरगा आंघोळ करून, भांग पाडून खाटेवर बसला. आईच्या हातची भाकरी खाल्ली. आईनं मला जिन्यात गाठलं, “पुरं उतरलं न्हवं, म्याडम?” मी म्हटलं, “उतरलं. आता ती संगत तेवढी तोडा.” पंधरा दिवसांच्या गोळ्या बांधून दिल्या.

तो परत आला पावणेदोन वर्षांनी, पोलिसांच्या गाडीतून. रेल्वे स्टेशनवर रुळांच्या कडेनं कुणाला तरी उत्तरं देत चालत होता. मधल्या काळात गांजाला शिवला नव्हता; लघवीच्या तपासणीतही काही निघालं नाही. आवाज मात्र चालूच होते. घरच्यांना वाटत होतं, चोरून ओढतोय. म्हणून दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, तिथं ‘खोटं बोलतोस, कबूल कर’ म्हणून खडसावणी झाली. मग एक देवऋषी, लिंबू, नारळ, अमावस्या. दवाखान्यात मात्र कुणी आणलं नाही, कारण दवाखान्यानंच सांगितलं होतं की ही नशा आहे, उतरली. दवाखान्यानं म्हणजे मी.

आता मूळ प्रश्न, जो बाकावर बसलेला प्रत्येक बाप विचारतो : नशेनं माणूस खरंच वेडा होतो का? आणि किती जण होतात?

बहुतेक जण होत नाहीत. हे आधी स्वच्छ सांगायला हवं, कारण आपल्या जनजागृतीच्या फलकांवर कवटी असते, बेड्या असतात, डोळे तारवटलेला एक चेहरा असतो. कॉलेजातलं पोरगं तो फलक बघतं, कट्ट्यावरच्या चार मित्रांकडे बघतं, ते धडधाकट असतात, आणि त्या क्षणी फलकावरची बाकीची खरी वाक्यंही खोटी ठरतात. 2019 साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं प्रसिद्ध केलेल्या एम्सच्या पाहणीत देशात दारू घेणारे सुमारे 16 कोटी निघाले. भांग घेणारे सव्वादोन कोटींच्या घरात, गांजा-चरस ओढणारे 1.3 कोटी. यांतल्या प्रत्येकाला भास व्हायला लागते तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही आपली चारही मनोरुग्णालयं पहिल्याच दिवशी ओसंडली असती. फिनलंडमध्ये सबंध देशाचा नमुना घेऊन मोजणी झाली होती. दारूमुळे सायकोसिस होण्याचं प्रमाण तिथं सर्वसाधारण लोकांत दोनशेत एक होतं, आणि ज्यांना दारूचं पक्कं व्यसन जडलेलं होतं त्यांच्यात शंभरात चार.

सायकोसिस म्हणजे काय, हेही एका वाक्यात सांगते, कारण ‘वेड’ या शब्दात आपण काहीही कोंबतो. नसलेलं ऐकू येणं किंवा दिसणं, आणि नसलेल्या गोष्टीची अशी खात्री पटणं की सख्ख्या आईच्या सांगण्यानंही ती ढळत नाही. झिंगलेल्या माणसाची बडबड म्हणजे सायकोसिस नव्हे.

गांजाचं गणित मात्र ‘किती’ आणि ‘कोणत्या वयात’ यावर फिरतं. स्वीडनमध्ये सक्तीच्या लष्करभरतीला आलेल्या 45 हजारांवर तरुणांची माहिती पंधरा वर्षांनी पुन्हा तपासली, 1987 साली ती छापून आली. भरतीपूर्वी पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होतं. युरोपातल्या आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांचा अभ्यास 2019 मध्ये आला. रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता तिपटीनं जास्त, आणि रोजचा माल कडक असेल तर जवळपास पाचपट. ‘कडक’ म्हणजे टीएचसी हे द्रव्य शेकडा दहा किंवा त्याहून जास्त असलेला. आपल्याकडचा पोरगा पुडी घेताना हे प्रमाण कुठं बघणार? पुडीवर काही छापलेलं नसतं.

दारूचं प्रकरण याहून वेगळं आहे, आणि तुमच्या हातातलं आहे, म्हणून इथं जरा थांबते.

गांजानं डोकं फिरतं ते घेतल्यामुळे. दारूत बहुतेक वेळा फिरतं ते न मिळाल्यामुळे. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी फीट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या मध्ये काही जणांना, म्हणजे अशा शंभरातल्या तीन ते पाच जणांना, डिलिरियम ट्रेमेन्स होतो : ताप, घाम, स्थळ-काळाचं भान सुटणं, भिंतीवर चढणाऱ्या मुंग्या. व्यसनमुक्तीच्या जगात याच्या अलीकडच्या तगमगीला सगळे ‘टर्की’ म्हणतात. वॉर्डात नातेवाईक म्हणतात ‘वात झाला’. उपचार नव्हते त्या काळी यातला तिघांपैकी जवळपास एक दगावत असे. आज वेळेत ओळखलं तर शंभरात पाचांहून कमी.

पण ओळखणार कोण? तिसऱ्या दिवशी हा माणूस मानसोपचार विभागात नसतोच. तो असतो हाडांच्या वॉर्डात, कारण पडून पाय मोडलेला असतो. किंवा सर्जरीच्या वॉर्डात, हर्नियासाठी. किंवा पोलीस कोठडीत. मला रात्री बोलावणं आलं होतं अशा एकासाठी. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशनची वाट पाहत होता. मी पोचले तेव्हा दोन्ही मनगटं पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधलेली होती, आणि तरी उजव्या हाताचा अंगठा न् बोटं हवेत टिकटिक करत होती. तिकीट पंच करत होता. शेजारच्या खाटेकडे बघून ओरडायचा, “पुढं सरका, दारात उभं राहू नका.” मध्येच गप्प होऊन बोटांनी सुट्टे मोजायचा. वॉर्डातली माणसं हसत होती. बायको हसत नव्हती. ती म्हणाली, “म्हातारपणाचं असंल.” बाँडवर आलेला एक पोरसवदा डॉक्टर होता, त्यानं तिला एवढंच विचारलं, “काका शेवटचे कधी प्यायले?” पडले त्याच दिवशी सकाळी. म्हणजे बरोबर तीन दिवस. केसपेपरवर ‘मद्यपान’ समोर लिहिलं होतं, ‘कधीमधी’. घरच्यांसमोर ‘दारू पिता का?’ म्हणून विचारलं की हेच उत्तर मिळतं. कंडक्टर वाचला, नंतर ऑपरेशनही झालं. आपण काय ओरडत होतो, हे त्याला आठवतही नव्हतं.

यासाठी लागणारा खर्च किती? थायमिनचं इंजेक्शन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, आणि झटके व तगमग आवरणाऱ्या जुन्या, स्वस्त गोळ्या. थायमिन ग्लुकोजची बाटली लावण्याआधी द्यायचं असतं. ते चुकलं तर माणूस जगूनही त्याची स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आणि केसपेपरवर एक प्रश्न बदलायचा : ‘दारू पिता का’ ऐवजी ‘शेवटची कधी घेतली’. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीनं दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा बंगळुरूच्या रुग्णालयांत दारू तुटल्यामुळे गंभीर झालेल्यांची रोजची सरासरी चारवरून आठवर गेली होती. आपल्याकडे कुणी अशी मोजणी केली असती तर वेगळं काही निघालं असतं असं मला वाटत नाही.

दारूतून होणाऱ्या भासांचा आणखी एक प्रकार आहे, तो कमी लोकांना माहीत असतो. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, तारीख-वार बिनचूक सांगतो, आणि त्याला आवाज येतात. घाणेरडे, त्याच्याबद्दल आपसात बोलणारे. तो शुद्धीत दिसतो म्हणून घरचे म्हणतात, नाटक करतोय.

मेफेड्रोनबद्दल थोडक्यात, कारण मी निवृत्त होता होता ते आलं. पोरं त्याला एमडी म्हणतात. 2015 साली त्यावर बंदी आली, आणि 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांना कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा अख्खा कारखाना सापडला. या जातीच्या उत्तेजक नशेत माणूस तीन-तीन रात्री जागतो आणि जागरणाबरोबर संशय वाढत जातो : मागे गाडी लागली आहे, बायको कुणाला तरी भेटते, शेजाऱ्यांनी कॅमेरा बसवलाय. झोप झाली की पुष्कळांचं हे खरोखरच उतरतं. सगळ्यांचं नाही.

इथं मी त्या रकान्याकडे परत येते.

1893 मध्ये इंग्रज सरकारनं गांजा-भांग-चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. तेव्हा नगर जिल्ह्यात गांजाची रीतसर शेती व्हायची, खांडव्याचा माल प्रसिद्ध होता, आणि विलायतेत ओरड होती की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरली आहेत. आयोगानं हजारावर साक्षी घेतल्या आणि एक साधी गोष्ट केली, जी आधी कुणी केली नव्हती. इस्पितळांच्या नोंदवह्या उघडून 1892 सालातला एकेक दाखला मुळापर्यंत तपासला. गांजाच्या नावावर 222 वेडे होते. शहानिशा करता त्यांतले निम्मेही टिकले नाहीत, 98 उरले. बाकीच्यांच्या रकान्यात ‘गांजा’ आला कुठून? रस्त्यावरून वेडा उचलून आणणाऱ्या पोलिसाला कागदावर कारण भरावंच लागे, आणि त्याला सुचणारं सर्वांत सोपं कारण ते. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं नाही. सव्वाशे वर्षांनंतर त्या शिपायाच्या जागी मी बसले होते, फक्त बॉलपेन घेऊन.

अर्थात ‘गांजाचा काही संबंध नाही’ असा याचा अर्थ काढणारे लोकही मला भेटतात, बहुधा उच्चशिक्षित. त्यांच्यासाठी दुसरी नोंदवही आहे, डेन्मार्कची. तिथं प्रत्येक नागरिकाची आरोग्यनोंद सरकारकडे असते. 1994 ते 2014 या काळात ‘नशेमुळे झालेला सायकोसिस’ असा शिक्का बसलेल्या 6,788 जणांचं पुढे काय झालं, हे तिथल्या संशोधकांनी शोधलं आणि 2018 मध्ये छापलं. जवळपास तिघांत एकाला पुढे स्किझोफ्रेनियाच्या किंवा बायपोलरच्या जातीचा कायमचा आजार निघाला. गांजामुळे शिक्का बसलेल्यांत हे प्रमाण 47 टक्क्यांवर होतं. ज्यांना स्किझोफ्रेनिया झाला, त्यांतल्या निम्म्यांना तो साधारण तीन वर्षांच्या आत झाला. दोन वर्षांनी, 2020 मध्ये, जगभरच्या अशा अभ्यासांची बेरीज केली गेली, चाळीस हजारांवर माणसं. तीत फक्त स्किझोफ्रेनिया मोजला होता. शिक्का बसलेल्यांत चौघांतला एक तिकडे जातो. गांजात तिघांतला एक, दारूत अकरांतला एक.

म्हणजे सरसकट गांजा ओढणाऱ्यांपैकी फार थोडे आमच्या बाकापर्यंत पोचतात. पण जो एकदा पोचला, त्याच्या बाबतीत ‘उतरेल’ हा शब्द वापरणं म्हणजे नाणं उडवण्यासारखं आहे. गांजानं आजार निर्माण केला, की आत दबा धरून बसलेला बाहेर काढला, की येऊ घातलेले आवाज दाबायला पोरगा गांजा ओढायला लागला, यावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. बाकावरच्या आईला त्यानं फरक पडत नाही. तिला एवढंच कळायला हवं की पुढची तीन वर्षं लक्ष ठेवायचंय, आणि पोरगा ‘मी ओढली नाही’ म्हणाला तर ते खरं असू शकतं.

लक्ष ठेवणार कोण, हा तुमच्या खात्याचा प्रश्न आहे आणि नाहीही. बाटली उत्पादन शुल्काकडे, पुडी गृह खात्याकडे, व्यसनमुक्ती सामाजिक न्यायाकडे आणि डोकं तुमच्याकडे. एकच पोरगा चार खात्यांत वाटलेला. चांगली व्यसनमुक्ती केंद्रंही आपल्याकडे आहेत. 1986 साली पुण्यात अनिल आणि अनिता अवचटांनी ‘मुक्तांगण’ उभं केलं, तेव्हापासून किती घरं सावरली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण गावोगावच्या बंगल्यांत पाट्या लावून चालणाऱ्या केंद्रांत मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा तरी येतो का, हे तपासायला कुणी गेलेलं मला दिसलं नाही. आणि मनोरुग्णालयातून उलट निरोप येतो : आधी नशा सोडवा, मग आणा.

याच्यात विम्याची भर. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांमुळे झालेल्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं वागवावं, असंही तोच कायदा म्हणतो. आणि 2019 मध्ये विमा नियामकानं पॉलिसीत छापायच्या वगळण्यांची जी प्रमाण यादी ठरवून दिली, तिच्यात बाराव्या क्रमांकावर व्यसनाचे उपचार आणि व्यसनाचे परिणाम. कायदा एका हातानं देतो, यादी दुसऱ्या हातानं काढून घेते. परिणाम असा की पैसेवाले नातेवाईक डॉक्टरांच्या पाया पडतात, ‘तेवढं नशेचं लिहू नका’. मग डॉक्टर लिहीत नाहीत, पुढच्या डॉक्टरला कळत नाही. गरिबाचं उलटं : त्याच्या कागदावर फक्त नशाच लिहिलेली असते. विमा तुमच्या अखत्यारीत नाही, ठाऊक आहे. पण दिल्लीला पत्र लिहिण्याची ताकद माझ्यापेक्षा तुमची जास्त.

मी मागते ते तुमच्या सहीनं होण्यासारखं आहे. नशेमुळे सायकोसिस झालेल्या माणसाला घरी सोडताना पुढच्या भेटीची तारीख कार्डावर असावी. महिन्याची, मग तीन महिन्यांची, आणि हे निदान तीन वर्षं. तो आला नाही तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या माणसानं फोन करावा, फोन लागला नाही तर आशाताईंना सांगावं. तीन वर्षं सगळे टिकणार नाहीत, निम्मे गळतील. आज पहिल्या पंधरा दिवसांतच गळतात. हाडांच्या आणि सर्जरीच्या वॉर्डात थायमिन असावं आणि तो एक प्रश्न असावा. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक रुग्णालयाच्या भिंतीवर आहेच. तो डिस्चार्ज कार्डावर छापायला शाई कितीशी लागेल?

तो आयटीआयचा पोरगा आता तिशीत आहे. महिन्याला एक इंजेक्शन घेतो, पत्र्याच्या कपाटांच्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस काम करतो. आवाज पूर्ण गेलेले नाहीत. म्हणतो, लांबच्या लाऊडस्पीकरसारखे येतात, शब्द लागत नाहीत. मागच्या चैत्रात आई मला बाजारात भेटली. अजून मॅडमच म्हणते. पिशवीतून प्लॅस्टिकच्या फाइलीत जपून ठेवलेलं पहिलं डिस्चार्ज कार्ड काढून दाखवलं, कुणी मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं झालं तर असावं म्हणून. अक्षर माझं. ‘कारण’ समोर ‘गांजा’. त्याच्याखाली ‘पुन्हा कधी यावे’ असा छापील रकाना आहे. तिथं मी आडवी रेघ मारलेली आहे.

कळावे,
एक निवृत्त समाजसेविका